कर्त्याचा लोप : आधुनिक शिल्पकाराच्या चरित्रसंशोधनातील एक भाषिक प्रश्न

बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या गावी जावे आणि तेथील चौकातल्या पुतळ्याच्या चौथऱ्यावरील शिळा वाचावी. ज्यांचा पुतळा त्यांचे नाव तीवर असतेच; शिवाय अनावरण कोणाच्या शुभहस्ते झाले, अध्यक्षस्थानी कोण होते, प्रमुख पाहुणे कोण, समितीचे पदाधिकारी कोण आणि तारीख कोणती, हेही क्रमाने कोरलेले असते. पुतळा घडविणाऱ्याचे नाव मात्र बहुधा नसते. शिळेवरील वाक्य ‘उभारण्यात आला’, ‘बसविण्यात आला’, ‘अनावरण करण्यात आले’ अशा क्रियापदांनी संपते. मराठीतील ‘-ण्यात येणे’ ही रचना कर्त्याला वाक्याबाहेर ठेवण्यासाठीच जणू सिद्ध झाली आहे. ‘पुतळा घडविला’ असे म्हटले की ‘कोणी?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो. ‘पुतळा बसविण्यात आला’ असे म्हटले की तो उभा राहत नाही, आणि वाक्यात काही उणे आहे असेही वाचणाऱ्यास वाटत नाही.

आधुनिक शिल्पकाराचे जीवन व कार्य ह्यांवर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिली अडचण येते ती ह्या रचनेची. साधने असतात; परंतु ती दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाखाली लावलेली असतात. पत्रव्यवहार पुतळ्याच्या नायकाच्या नावे, हिशेब समितीच्या नावे, बातमी उद्घाटकाच्या नावे. प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार भाषाभ्यासकाच्या बाजूने करण्याचे योजिले आहे. शिल्पाच्या कलामूल्याची चर्चा हा कलासमीक्षकांचा अधिकार होय आणि त्यात हात घालण्याचे येथे प्रयोजन नाही. तथापि एखादे शिल्प कोणाचे, केव्हाचे आणि त्याला ते नाव कोणी दिले, हे ठरविताना शब्दांची जी छाननी करावी लागते, ती आमच्या शास्त्राच्या कक्षेत निश्चितच येते.

कोणी म्हणेल की, शिल्पकाराचे नाव नसणे ही आपली जुनीच रीत आहे. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या भिंतींवरील शिल्पे कोणी कोरली हे आपणांस ठाऊक नाही. मेहकर येथे १८८८ मध्ये सापडलेली शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती कोणत्या हातांनी घडली, तेही ठाऊक नाही. सिंदखेड राजा येथे जून २०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात शेषशायी विष्णूचे जे शिल्प मिळाले, त्याची लांबी व उंची वृत्तपत्रांनी तत्काळ छापली, पाषाणाची जात छापली; शिल्पकाराचे नाव कोणी विचारले नाही आणि विचारण्याचे कारणही नव्हते. परंतु आधुनिक शिल्पकाराची अनामिकता ह्याहून निराळी आहे. तो कलाशाळेत शिकलेला असतो. तेथील नोंदवहीत त्याचे नाव असते, प्रदर्शनाच्या सूचीत असते, पदकाच्या यादीत असते. दालनात त्याला नाव असते आणि चौकात आल्यावर ते गळून पडते. नांदुऱ्याच्या हनुमानाची उंची १०५ फूट आहे हे जिल्ह्यातील शाळकरी मुलासही पाठ असते. तो कोणाच्या हातचा, हे सांगणारा क्वचितच भेटतो. नाव कोठे आणि कोणत्या टप्प्यावर गळले हे शोधणे, हा चरित्रकाराच्या कामाचा निम्मा भाग होय.

ह्या शोधाचा आरंभ ग्रंथालयात होतो आणि तेथेच ‘शिल्पकार’ हा शब्द विद्यार्थ्याला फसवितो. ग्रंथसूचीत ह्या शब्दाखाली पाहू लागले असता राज्यघटनेचे शिल्पकार, महाराष्ट्राचे शिल्पकार, सहकाराचे शिल्पकार असे थोर पुरुष एकामागून एक पुढे येतात. माती आणि दगड हाताळणारा शिल्पकार त्यांच्या मागे दडलेला असतो. साप्ताहिक विवेकने प्रसिद्ध केलेल्या ‘शिल्पकार चरित्रकोशा’तही हा शब्द महाराष्ट्राची जडणघडण करणाऱ्या सर्व क्षेत्रांतील कर्त्या माणसांना लावला आहे, चित्रकार व मूर्तिकार ह्यांच्यासाठी त्याचा स्वतंत्र दृश्यकला खंड आहे आणि तो सुहास बहुळकर व दीपक घारे ह्यांनी संपादिला आहे. ह्या विषयाच्या अभ्यासकाने तो प्रथम हाती घ्यावा. शब्दाचा हा लाक्षणिक प्रवास मुळातून पाहण्यासारखा आहे. संस्कृतात ‘शिल्प’ म्हणजे कोणतीही हस्तकला वा कसब, आणि मोल्सवर्थच्या कोशातही हाच व्यापक अर्थ प्रधान आहे. त्या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली १८५७ मध्ये. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई कलाविद्यालय सुरू झाले तेही १८५७ मध्येच. पुढे कलाशाळेच्या वातावरणात ‘शिल्प’ हा शब्द आकुंचन पावून मूर्तिकलेपुरता राहिला, आणि त्याच वेळी भाषणे व अग्रलेख ह्यांतून ‘शिल्पकार’ हा शब्द राष्ट्र घडविणाऱ्यांकडे गेला. गौरव रूपकाला मिळाला. मूळ व्यवसाय मात्र ‘मूर्तिकार’, ‘पुतळे करणारे’, ‘आर्टिस्ट’ अशा नावांनी वावरू लागला.

म्हणून शोध घेताना एकाच शब्दावर विसंबून चालत नाही. मूर्ती, पुतळा आणि शिल्प हे तीन शब्द मराठी माणूस सहसा एकमेकांत मिसळत नाही. मूर्तीची प्रतिष्ठापना होते, पुतळ्याचे अनावरण होते आणि शिल्पाचे प्रदर्शन भरते. मूर्ती देवाची, पुतळा माणसाचा. शिल्प मात्र कोणाचे असा प्रश्न केला तर उत्तर शिल्पकाराच्या नावाने येते, कारण तिन्ही शब्दांत षष्ठीचा अर्थ कर्त्याकडे सहज वळतो तो एवढ्याच शब्दात. ‘करमरकरांचे शिल्प’ म्हटले की ते करमरकरांनी घडविलेले. ‘करमरकरांचा पुतळा’ म्हटले की कोणी तरी करमरकरांचीच प्रतिमा उभारली आहे असे वाटू लागते. ‘पुतळा’ हा शब्द षष्ठीची जागा नायकासाठी राखून ठेवतो. वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांत एखाद्या शिल्पकाराच्या नावाने शोध केला असता हाती काही लागत नाही, आणि त्याच अंकात त्याच्या पुतळ्याच्या अनावरणाची दोन रकान्यांची बातमी असते, ह्याचे रहस्य पुष्कळदा एवढेच असते.

शिल्पाच्या नावांचीही अशीच छाननी करावी लागते. गणपतराव काशीनाथ म्हात्रे (१८७६–१९४७) ह्यांनी विद्यार्थिदशेत, वयाच्या विशीच्या सुमारास, नऊवारी नेसून पूजेस निघालेल्या तरुणीचे जे प्लास्टरमधील शिल्प घडविले, ते १८९६ च्या सुमारास प्रसिद्धीस आले आणि आधुनिक भारतीय मूर्तिकलेच्या इतिहासाचा आरंभ बहुतेक लेखक तेथूनच करतात. ह्या एका शिल्पाची तीन नावे आढळतात. इंग्रजीत ते ‘टु द टेम्पल’. बंगालीत रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यावर लेख लिहिला त्याचे नाव ‘मंदिराभिमुखे’. मराठीत ते ‘मंदिरपथगामिनी’ म्हणून ओळखले जाते. इंग्रजी नावात केवळ दिशा आहे, माणूस नाही. बंगाली नावही अव्ययासारखे असून ते दिशाच सांगते. मराठीत मात्र स्त्रीलिंगी कर्तृवाचक समास झाला आणि सारा भर त्या स्त्रीवर आला. आता हे शिल्प म्हात्र्यांनी कोणत्या हेतूने घडविले ह्याविषयी केवळ ‘मंदिरपथगामिनी’ ह्या शब्दाच्या आधारे जो अनुमाने करील, तो शिल्पकाराच्या मनाविषयी बोलत नसून नामकरण करणाऱ्याच्या मनाविषयी बोलत असेल. प्रत्येक नाव प्रथम कोणत्या छापील साधनात आले हे नोंदविल्याखेरीज त्याचा पुरावा म्हणून उपयोग करू नये. विनायक पांडुरंग करमरकर ह्यांच्या एका प्रसिद्ध शिल्पाला मराठीत ‘शंखध्वनी’ म्हणतात; इंग्रजी नाव शंख फुंकणाऱ्या व्यक्तीचे आहे. एक भाषा नाद ऐकते, दुसरी माणूस पाहते. दोन सूचींत ही दोन नावे आली की अननुभवी अभ्यासकाच्या हातून एका शिल्पाची दोन शिल्पे होतात.

म्हात्र्यांच्या प्रकरणात आणखी एक धडा आहे. जॉर्ज बर्डवुड ह्या इंग्रज पंडिताने ह्या शिल्पाची मुक्तकंठाने स्तुती केली ती छायाचित्रावरून. छायाचित्र एकच बाजू दाखविते आणि वस्तुद्रव्य लपविते; प्लास्टर व संगमरवर ह्यांतील भेद छायाचित्रात सहज कळत नाही. शिल्पाभोवती फिरल्याशिवाय त्यावर लिहू नये हा नियम साधा आहे. आजही प्रबंध लिहिले जातात ते पुष्कळदा छायाचित्रांवरूनच, आणि तेही अलीकडे पडद्यावर पाहिलेल्या!

आता एका शिल्पकाराचे चरित्र घेऊन ही पद्धती प्रत्यक्ष कशी चालते ते पाहू. त्यासाठी वर उल्लेखिलेल्या करमरकरांची निवड केली आहे, कारण त्यांच्या बाबतीत साधने विविध प्रकारची आहेत आणि त्यांचे घर व शिल्पे अलिबागजवळील सासवणे ह्या त्यांच्या जन्मगावी संग्रहालयाच्या रूपाने एकत्र पाहावयास मिळतात. करमरकरांचा जन्म १८९१ चा. निधन १९६७ मध्ये झाले. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा ही त्यांची सर्वांत ख्यातनाम कृती. तिचे अनावरण १९२८ मध्ये झाले.

प्रथम नावाचाच प्रश्न. संस्कृतात ‘कर्मार’ म्हणजे लोहार, धातुकाम करणारा. धातूचे पुतळे ओतणाऱ्या माणसाचे आडनाव करमरकर असावे हा योग पाहून कोणासही मोह होईल, आणि आडनावावरून पिढीजात व्यवसाय सिद्ध करण्याचा प्रयत्न होईल. तो मोह आवरावा. ‘-कर’ प्रत्ययान्त मराठी आडनावे सामान्यतः स्थलनामांवरून आलेली असतात आणि करमरकर हे कोकणातील एक जुने आडनाव आहे. त्याचा ह्या व्यक्तीच्या व्यवसायाशी काही संबंध नाही. गंमत अशी की, करमरकरांनी कलकत्त्यास काही वर्षे काढली, आणि बंगालमध्ये ‘कर्मकार’ हे लोहारकाम करणाऱ्यांचे अगदी रूढ आडनाव आहे. बंगाली वा इंग्रजी नियतकालिकांच्या सूची चाळताना ‘कर्मकार’ व ‘करमरकर’ ही दोन्ही रूपे पाहावीत, आणि मिळालेल्या प्रत्येक ‘कर्मकार’ महाशयांना आपल्या चरित्रनायकात विलीनही करू नये. शिवाय मराठी लेखनात त्यांचा निर्देश ‘नानासाहेब करमरकर’ असा येतो. आद्याक्षरे, पूर्ण नाव, घरगुती नाव आणि परभाषेतील रूप अशी चार रूपांची पत्रिका आरंभीच करून ठेवली तर पुढील श्रम पुष्कळ वाचतात. राम वनजी सुतार ह्यांच्या बाबतीत परिस्थिती उलट आहे. तेथे आडनाव खरोखरच व्यवसायवाचक आहे. धुळे जिल्ह्यातील गोंदूर ह्या गावी १९२५ मध्ये जन्मलेल्या ह्या शिल्पकाराने १९५० नंतरच्या दशकात पुरातत्त्व खात्यात असताना अजिंठा व वेरूळ येथील शिल्पांच्या दुरुस्तीचे काम केले होते, आणि पुढे नर्मदाकाठचा १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा त्यांच्या आराखड्यावरून उभा राहिला. तात्पर्य, आडनाव हा पुरावा नव्हे; तो एक प्रश्न आहे.

दुसरा विषय आख्यायिकेचा. करमरकरांच्या बहुतेक सर्व चरित्रलेखांत अशी हकीकत येते की, लहानपणी त्यांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर काढलेले शिवाजीमहाराजांचे चित्र कुलाब्याचे जिल्हाधिकारी ओटो रॉथफील्ड ह्यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांनी ह्या मुलास मुंबईच्या कलाशाळेत पाठविण्याची तजवीज केली. हकीकत रम्य आहे. आणि नेमक्या ह्याच कारणाने ती तपासून घेतली पाहिजे. इटालियन चरित्रकार वासारी ह्याने १५५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चिमाबुए ह्या चित्रकाराला रानात मेंढरे राखणारा जोत्तो हा मुलगा दगडावर मेंढीचे चित्र काढताना आढळला, अशी कथा आहे. एर्न्स्ट क्रिस व ओट्टो कुर्त्स ह्या दोघा विद्वानांनी १९३४ मध्ये व्हिएन्ना येथे प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात कलावंतांच्या चरित्रांतील अशा पुनःपुन्हा येणाऱ्या कथाबीजांचा अभ्यास केला आहे. खेड्यातील मुलगा, अपुरे साहित्य, योगायोगाने येणारा थोर पुरुष आणि त्याने क्षणात ओळखलेली प्रतिभा, हे घटक देशोदेशी सापडतात. लोककथांच्या अभ्यासकास ह्यात नवल वाटणार नाही. करमरकरांच्या कथेत आणखी एक घटक आहे : भिंतीवरचे चित्र शिवाजीमहाराजांचेच आहे आणि पुढे कीर्ती मिळाली तीही त्यांच्याच पुतळ्याने. भावी कार्याची अशी पूर्वसूचना देणारे तपशील पुष्कळदा उत्तरकाळी कथेत मुरतात.

परंतु कथाबीज ओळखीचे आहे एवढ्यावरून घटना खोटी ठरत नाही, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. संशयवादाचाही एक आळस असतो. रॉथफील्ड ही काल्पनिक व्यक्ती नव्हे. ते सनदी नोकरीतील अधिकारी होते आणि लेखकही होते. भारतीय स्त्रियांविषयीचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९२० च्या सुमारास निघाले आणि त्यातील रंगीत चित्रे म. वि. धुरंधर ह्यांनी काढली होती. म्हणजे मुंबईच्या कलाशाळेतील एका प्रमुख अध्यापकाशी ह्या अधिकाऱ्याचा संबंध होता, हे आख्यायिकेबाहेरच्या, स्वतंत्र पुराव्याने सिद्ध होते. धुरंधरांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे १९४० मधील आत्मवृत्त त्या शाळेतील वातावरणासाठी मुळातून वाचावे. इलाख्याच्या वार्षिक नोकरसूचींत कोणता अधिकारी कोणत्या वर्षी कोणत्या जिल्ह्यात होता हे छापलेले असते. त्या वर्षांशी करमरकरांचे वय आणि शाळाप्रवेश ताडून पाहता येतात. अशा रीतीने साह्य मिळाले हा ऐतिहासिक भाग एका बाजूस राहतो, आणि भिंत, चित्र व पहिली भेट हा कथनाचा भाग दुसऱ्या बाजूस. चरित्रात दोन्ही लिहावेत. मात्र दोहोंची क्रियापदे निराळी असावीत. एकास ‘होते’, दुसऱ्यास ‘असे सांगतात’.

कलाशाळेतील शिक्षणानंतर सुरेंद्रनाथ ठाकूर ह्यांच्या प्रोत्साहनाने करमरकर कलकत्त्यास गेले; पुढे इंग्लंडला जाऊन आले. म्हणून केवळ मराठी साधनांवर हे चरित्र पुरे होत नाही. बंगालमधील नियतकालिके त्यासाठी पाहावी लागतात, आणि बंगाली लिपी वाचण्याइतकी शिकणे हे काही महिनाभराहून अधिक काळाचे काम नव्हे.

पुण्याच्या पुतळ्याची कोनशिला १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बसविली गेली आणि १९२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन ह्यांनी अनावरण केले. येथेही छापील साधनांत ठसठशीत दिसतात ती ही दोन नावे. ओतकाम मुंबईस माझगावच्या गोदीत झाले. धातूच्या पुतळ्याच्या बाबतीत ‘कर्ता’ हा शब्दच किती अपुरा पडतो हे ह्या ठिकाणी कळते. लोखंडी सांगाडा उभा करून त्यावर माती चढविणे, मातीवरून प्लास्टरचा साचा काढणे, साच्यात मेणाचा थर देणे, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतणे, सांधे जुळविणे, कानशीने घासणे आणि शेवटी रंगछटा आणणे, एवढ्या क्रिया असतात व त्यांचे हात निरनिराळे असू शकतात. जहाजबांधणीच्या कारखान्यातील ज्या ओतारी कामगारांनी महाराजांचा घोडा ओतला, त्यांची नावे चौथऱ्यावर नाहीत आणि चरित्रलेखांतही नाहीत. एखादा पुतळा एकसंध ओतला आहे असे लिहिले असेल तर पोटाखाली, खोगिराच्या कडेस व शेपटीच्या मुळाशी सांध्याच्या रेषा दिसतात का ते पाहावे. घासून बुजविलेला सांधाही तिरप्या उजेडात पुष्कळदा उघडा पडतो.

ह्या क्रियांचे मराठी शब्द प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडूनच घ्यावेत. बुलढाणा जिल्ह्यातील अभ्यासकास त्यासाठी मुंबईस जाण्याचे कारण नाही. खामगाव चांदीच्या कामासाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे. मूस, भट्टी, ठसा, साचा, डाख, कानस, झिलई हे शब्द तेथील कारागिराच्या तोंडी नित्याचे असतात. चांदीची मूर्ती आणि ब्राँझचा पुतळा ह्यांच्या तंत्रांत अर्थातच अंतर आहे. तथापि ओतकामाची मूळ परिभाषा कळली की शिल्पकाराची मुलाखत पुस्तकी इंग्रजी शब्दांत अडकून पडत नाही.

मुलाखतीचा विषय निघाला म्हणून प्रश्न कसा विचारावा ह्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण आमच्या मते सर्वांत अधिक नुकसान येथेच होते. गावात जाऊन ‘हा पुतळा कोणी केला?’, किंवा वऱ्हाडी बोलीत ‘कोनं केला?’, असे विचारले तर उत्तर बहुधा देणगीदाराचे वा त्या वेळच्या सरपंचाचे मिळते. सांगणारा खोटे बोलत नसतो. ‘केला’ ह्या क्रियापदात मराठीने दोन कर्ते एकत्र कोंबले आहेत. स्वतः करणारा आणि दुसऱ्याकडून करविणारा असा भेद पाणिनीने स्पष्ट केला आहे. आपल्या व्याकरणातही प्रयोजक क्रियापदाचे प्रकरण आहे. जुन्या लेखांत हा भेद पाळला जाई. ‘कारित’ ह्या शब्दाने करवून घेणारा वेगळा दाखविला जाई, आणि बुलढाण्याच्या शेजारीच असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांतील दानलेखांत ‘देयधर्म’ ह्या शब्दाने ही वस्तू दान आहे एवढेच सांगितलेले असते. घडविल्याचा दावा दाता करीत नाही. आजच्या मराठीत मात्र ‘आमच्या आजोबांनी देऊळ बांधले’ असे म्हणताना आजोबांनी हाती थापी धरली होती असा अर्थ कोणी घेत नाही. करविणारा हा करणाऱ्याच्या जागी सुखाने येऊन बसला आहे. म्हणून ‘केला’, ‘उभारला’, ‘बसविला’ ही क्रियापदे प्रश्नात वापरूच नयेत. माती कोणी लावली? ती कोठे लावली? साचा कोणी काढला? ओतला कोठे? गाडीतून कोणत्या गावाहून आला आणि सोबत कोण माणूस आला होता? ह्या प्रश्नांची उत्तरे देणारी म्हातारी माणसे गावोगावी आहेत. शिल्पकाराचे नाव त्यांस आठवत नसले तरी तो कोणाकडे जेवावयास होता हे आठवते, आणि त्या घरी नाव मिळते.

कागदपत्रांची वाटही अशीच आडवळणाची आहे. ग्रामपंचायतीच्या ठरावबुकात पुतळा ‘बसविण्याचे ठरले’ एवढेच असते. परंतु कीर्दवहीत पैसे कोणास दिले हे लिहावेच लागते. हिशेबाच्या भाषेला कर्ता, किंबहुना संप्रदान, टाळता येत नाही. म्हणून ठरावाआधी कीर्दवही पाहावी. नगरपरिषदांच्या बाबतीतही हेच. १९५६ पूर्वीचा प्रश्न असेल तर बुलढाणा हा मध्यप्रांत-वऱ्हाडातील जिल्हा होता हे विसरू नये. त्या काळचे शासकीय कागद मुंबईत शोधण्यात वेळ घालविण्यापेक्षा नागपूरच्या पुराभिलेखागारात जावे. अलीकडच्या काळापुरते काम पुष्कळ सोपे झाले आहे. २०१७ च्या शासननिर्णयातील मार्गदर्शक सूचनांनुसार सार्वजनिक जागी पुतळा उभारण्यापूर्वी त्याच्या मातीच्या नमुन्यास कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते आणि परवानगीचे प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडून जाते. ह्या प्रकरणाच्या फाइलीत शिल्पकार आपल्या नावाने येतो, कारण नमुना त्याचा असतो. चौथऱ्यावर लोप पावलेला कर्ता फाइलीत हजर असतो.

मालवण येथील राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हाची वृत्तपत्रे भाषेच्या अभ्यासकाने जपून ठेवण्यासारखी आहेत. अनावरणाच्या बातम्यांत ठळक होते उद्घाटकाचे नाव. कोसळण्याच्या बातम्यांत पहिल्या दिवसापासून विचारणा होती ती पुतळा घडविणाऱ्याची. यश कर्मणी प्रयोगात सांगितले जाते आणि अपयश कर्तरी प्रयोगात, असे म्हटले तर अतिशयोक्तीचा दोष पत्करूनही ते बहुतांशी खरे ठरेल.

ह्या विषयाला आज निकड आहे ती आणखी एका कारणाने. गावोगावचे जुने अर्धपुतळे सिमेंटचे होते. सिमेंट हे कमी प्रतीचे द्रव्य आहे असा समज असला तरी तो सरसकट खरा नाही. स्वतः करमरकरांनी सासवण्यास सिमेंटमध्ये किती जिवंत काम केले आहे हे तेथील अंगणातली म्हैस पाहिली की कळते. ते अर्धपुतळे बाजूस सारून त्यांच्या जागी फायबरचे वा ब्राँझचे पूर्णाकृती पुतळे बसविले जात आहेत. नव्या पुतळ्याचा अभिमान गावास असणे स्वाभाविक आहे. पण जुना पुतळा हलविताना चौथरा फुटतो, आणि शिल्पकाराची सही असलीच तर ती तेथेच, मागील बाजूस, खांद्याखालच्या कडेवर, माती ओली असताना काडीने ओढलेली असते. दर जयंतीला दिलेल्या तैलरंगाच्या थरांखाली ती बुजलेली असते. बोटांना खाचा लागतात. संध्याकाळी विजेरीचा उजेड बाजूने टाकला तर अक्षरे उठतात. त्यावर पातळ कागद ठेवून कोळसा हलक्या हाताने फिरविला तर ठसा मिळतो.

पुतळ्यास हात लावणे हा गावाच्या भावनेचा विषय आहे, म्हणून त्यासाठी योग्य दिवस निवडावा. जयंतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे कोठे ११ जानेवारीस, कोठे १८ फेब्रुवारीस, कोठे १३ एप्रिलास, पुतळा धुण्यासाठी शिडी लावलेली असते आणि गावातील कार्यकर्ते चौथऱ्यावर चढलेले असतात. त्यांच्या परवानगीने, पायांतील वहाणा काढून, मागील बाजू पाहता येते. सही सापडल्यास तिची लिपी, आद्याक्षरांचा क्रम आणि वर्ष जसेच्या तसे उतरून घ्यावे. इंग्रजी अक्षरे असल्यास त्यांचे मराठीकरण त्याच ठिकाणी करू नये. ठशाच्या कागदावर गावाचे नाव, तारीख, पुतळ्याचे द्रव्य, उंची आणि ज्यांनी शिडी धरली त्यांचीही नावे लिहून ठेवावीत.